कावळा, फांदी आणि गांजा : १८९३ च्या एका चौकशीची गोष्ट
(मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



गांजा हा व्याख्यानाचा विषय असू शकतो का, असं मला इथे येण्याआधी एकानं विचारलं. असू शकतो आणि असायला हवा. सध्या हा विषय दोनच ठिकाणी निघतो. एक म्हणजे पोलिसांच्या बातमीत. तुरीच्या शेतात मधे मधे गांजाची झाडं, इतके किलो माल जप्त, शेतकऱ्याला अटक. आणि दुसरं ठिकाण म्हणजे मोबाईल. तिथे गांजा संजीवनी असतो, त्यानं कॅन्सर बरा होतो, बंदी इंग्रजांनी लादलेली असते आणि एकरी उत्पन्न लाखांत असतं. एकीकडे माणूस आरोपी आणि दुसरीकडे झाड देव. मधे विचार करायला जागाच उरत नाही. ती जागा आज तासाभरासाठी आपण करू.

मघाशी चहा घेताना इथल्याच एका मुलानं मला विचारलं, "सर, भांग चालते अन् गांजा काऊन चालत नाही? झाड तं एकच हाय." प्रश्न अगदी नेमका आहे. झाड एकच. त्याची पानं म्हणजे भांग. मादी झाडाचे राळेनं चिकट झालेले फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. ती राळच काढून घेतली की चरस. नशा आणणारं मुख्य द्रव्य, टीएचसी, पानात कमी, शेंड्यात जास्त आणि राळेत त्याहून जास्त. पण कायद्यानं रेघ पान आणि शेंडा यांच्यामधेच का मारली, हे वनस्पतिशास्त्रातून कळत नाही. त्यासाठी इतिहासात जावं लागतं.

आपला हा मुलूख १८९३ साली वऱ्हाड, म्हणजे नाव निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. वाशीमला सरकारी कागदांत 'बासीम' म्हणत. त्या काळात गांजा परवान्याच्या दुकानात उघड मिळत असे. सरकार त्यावर कर घेई. पीक कुठेही घेता येत नसे. बंगालमध्ये नौगावला, मध्य प्रांतात खांडव्याला सरकारी देखरेखीखाली लागवड होई, मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यातही होई. खांडवा तुम्हाला परका नाही. वाशीम-अकोल्यावरून जाणारी आपली जुनी मीटरगेज गाडी पुढे तिथेच जायची. तर मुद्दा हा की इंग्रजांनी गांजा बंद केला नाही, त्यांनी तो विकला. ज्यांच्या मोबाईलमध्ये उलटं लिहून आलेलं आहे, त्यांनी ते पुसून टाकावं.

आणि याच काळात इथून जवळच शेगावात गजानन महाराज होते. १८७८ साली ते तिथे प्रकटले, १९१० साली समाधिस्थ झाले. त्यांच्या हातातली चिलीम तुम्ही फोटोत, मूर्तीत सगळ्यांनी पाहिली आहे. मी श्रद्धेवर बोलायला आलेलो नाही, ते माझं काम नव्हे. पण इतिहासाच्या अंगानं एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. दासगणूंनी १९३९ च्या सुमारास 'श्रीगजाननविजय' रचला. दासगणू पूर्वी पोलीस खात्यात नोकरीला होते, हेही लक्षात असू द्या. त्या ग्रंथात काशीहून आलेला एक गोसावी महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस बोललेला असतो, आणि महाराज त्या भक्ताच्या इच्छेखातर तो घेतात, स्वतः मात्र त्यात गुंतत नाहीत, असं येतं. म्हणजे ग्रंथकर्त्याला गांजा लपवावासा वाटला नाही, पण त्याचं कारण द्यावंसं मात्र वाटलं. कारण द्यावं लागतं ते शंका घेणारा समोर असतो म्हणून. समाजात तेव्हाही या बाबतीत दोन मतं होती याचा हा चांगला पुरावा आहे.

आणि दुसरं मत बाहेरून आलेलं नव्हतं. आपल्याच वऱ्हाडात गाडगेबाबा झाले, मोझरीला तुकडोजी महाराज झाले. दोघांनी गावोगाव व्यसनाविरुद्ध कीर्तनं केली, भजनं गायली. वारकऱ्याची माळ घातली की नशापाणी सुटतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तेव्हा "गांजा आपली संस्कृती आहे" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठली? शेगावची की मोझरीची? दोन्ही आपल्याच आहेत. संस्कृतीला साक्षीला बोलावलं तर ती दोन्ही बाजूंनी साक्ष देते.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

विल्यम केन नावाचे एक इंग्रज खासदार होते. दारूबंदीचे कट्टर कार्यकर्ते. मार्च १८९३ मध्ये त्यांनी पार्लमेंटात प्रश्न काढला, की बंगालमध्ये गांजाची लागवड आणि विक्री सरकार चालवतं, त्याचे लोकांच्या शरीरावर आणि नीतीवर काय परिणाम होतात याची चौकशी करा. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ले यांनी चौकशी मान्य केली आणि ती बंगालपुरती न ठेवता सगळ्या हिंदुस्थानची केली. जुलै १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. एकूण सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. आयोगानं १,१९३ साक्षीदार तपासले. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, व्यापारी, शेतकरी, सगळे त्यात आले. अहवाल तीन हजारांहून जास्त पानांचा झाला. १८९४ साली तो पुरा झाला. गांजावर इतकी मोठी चौकशी त्याआधी जगात कुठेच झाली नव्हती.

चौकशीतला सगळ्यात महत्त्वाचा आरोप होता वेडाचा. गांजा ओढला की माणूस वेडा होतो. हा नुसता समज नव्हता, त्याला सरकारी आकडे होते. वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत 'वेडाचं कारण' असा रकाना असे आणि त्यात वर्षानुवर्षं शेकडो जणांपुढे गांजा, भांग, चरस लिहिलेलं असे. १८९२ या एका वर्षात सगळ्या इस्पितळांत मिळून १,३४४ रोगी दाखल झाले. त्यांतल्या २२२ जणांपुढे कारण म्हणून ही द्रव्यं लिहिली होती. म्हणजे सहा जणांमागे एक. एवढा आकडा समोर असल्यावर पुढे बोलायचं काय?

आयोगानं एक साधं काम केलं. आजच्या कित्येक समित्या ते करत नाहीत. हा रकाना भरतो कोण, हे त्यांनी विचारलं.

भरत होता पोलीस. म्हणजे बघा, रस्त्यावर कोणी भ्रमिष्ट अवस्थेत सापडला. पोलिसानं धरला. मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा तर छापील फॉर्म भरायला हवा. फॉर्मात 'कारण' आहे. माणूस परगावचा, नातेवाईक नाहीत, तो स्वतः धड बोलत नाही. मग आसपास चौकशी, "हा काय गांजा ओढत होता का?" कोणीतरी म्हणायचं, हो, ओढत असेल. झालं. कारण : गांजा. हाच कागद रोग्याबरोबर इस्पितळात जायचा, तिथला डॉक्टर तो नोंदवहीत उतरवून घ्यायचा, वहीवरून वार्षिक तक्ता व्हायचा, आणि तक्त्यावरून लंडनमध्ये भाषणं व्हायची. अगदी तळाशी काय होतं? एका शिपायाचा अंदाज.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. फांदी तुटली, कावळा तिथे होता, म्हणून कावळ्यानं तोडली. इथे तर कावळा बसला होता की नाही, हेसुद्धा नक्की नव्हतं.

तेव्हा आयोगानं १८९२ च्या नोंदी घेतल्या आणि एकेका रोग्याचा माग काढायला लावला. गाव कुठलं, घरात आधी कोणाला वेड होतं का, गांजा खरोखर ओढत होता का, किती, आणि आधी वेड की आधी गांजा? हे शेवटचं फार महत्त्वाचं. कारण मन बिघडायला लागलेला माणूसही चिलमीकडे वळतो. या छाननीनंतर २२२ चे उरले ९८. त्यातही ३७ जणांच्या बाबतीत दुसरं कारण जोडीला होतं. निव्वळ या द्रव्यांमुळे म्हणता येतील असे ६१.

मला ही वहीची गोष्ट सगळ्या अहवालात मोलाची वाटते. साम्राज्याच्या नोकरांनी स्वतःच्याच सरकारचे आकडे खोटे ठरवले. त्यांचं कौतुक केलं पाहिजे. (आयोगानं कलकत्त्यात एका माकडाला कित्येक महिने गांज्याचा धूर देऊन त्याचा मेंदूही तपासून घेतला. मेंदूत काही बिघाड दिसला नाही. एक माकड! विज्ञान म्हणून ते कितपत धरायचं हे तुम्हीच ठरवा.)

मग निष्कर्ष आला. माफक सेवनानं शरीर, मन आणि नीती यांवर सहसा अपाय होत नाही. अतिसेवनानं होतो. बहुतेक लोक माफकच घेतात. म्हणून सरसकट बंदी नको, कर, परवाने आणि लागवडीवरचं नियंत्रण कडक करा. बंदी केली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या विषाकडे वळतील, ही भीतीही त्यांनी मांडली. तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी, भिन्नमतपत्रिका जोडल्या. अहवालात म्हटलंय त्यापेक्षा ही द्रव्यं जास्त घातक आहेत, असं त्यांचं म्हणणं. हा भाग आज कोणी सांगत नाही. "इंग्रजांनीसुद्धा गांजा निर्धोक म्हटलं" एवढंच पुढे फिरतं. सरकारला या मालातून महसूल मिळत होता, हेही त्या वाक्याबरोबर सांगितलं जात नाही. मी आयोगावर लबाडीचा आरोप करत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे काम केलं असं माझं मत आहे. पण माफक म्हणजे किती, हे ठरवायला त्यांच्याकडे कुठलंही माप नव्हतं, ही गोष्ट राहतेच.

आता मी माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे, पाच मिनिटं वळतो. कंटाळू नका, वांध्यात टाकणार नाही.

आयोगानं दाखवून दिलं की गांज्यानं वेड लागतं याचा जो पुरावा दिला जात होता, तो कच्चा आहे. बरं. पण त्यावरून गांज्यानं वेड लागत नाही हे सिद्ध झालं का? आपल्या मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी यावर फार बारीक विचार केलाय. एखादी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही, असं केव्हा म्हणता येतं? ती असती तर दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. भर दुपारी अंगणात घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधाऱ्या कोठीत दिसली नाही, तर काहीच ठरत नाही. १८९४ साली कोठी अंधारी होती. टीएचसी हे द्रव्यच वेगळं काढलं गेलं १९६४ साली, इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी. पंधराव्या वर्षी चिलीम हाती घेतलेली शे-दोनशे पोरं पंचविशीत कुठे पोचली, हे पाहण्याची सोय आयोगाकडे नव्हती.

पुढे तो दिवा लागला. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा १५ वर्षं माग ठेवला गेला. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांनी भरतीच्या वयापर्यंत ५० पेक्षा जास्त वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. सहापट ऐकून दचकायला होतं. पण मूळ प्रमाणच शेकड्यात एकापेक्षा कमी असतं, त्यामुळे सहापट होऊनही बहुसंख्यांना काही झालं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गांजाचा पुरस्कर्ता दुसरी सांगतो आणि विरोधक पहिली.

मग नेमकं काय समजायचं? न्यायशास्त्रात उपाधी म्हणून एक कल्पना आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक, कारण धूर यायला सरपण ओलं लागतं. ओलं सरपण ही उपाधी. गांजा आणि वेड यांच्यातही तसंच ओलं सरपण आहे. कोवळं वय, रोजचं सेवन, जास्त ताकदीचा माल आणि घराण्यात मनोविकाराचा इतिहास. या चार गोष्टी जितक्या जास्त जुळतात तितका धोका वाढतो, हे आता डॉक्टर बऱ्यापैकी खात्रीनं सांगतात. पन्नाशीतल्या बुवानं एकादशीला ओढलेली चिलीम आणि दहावीतल्या पोरानं रोज ओढलेली सिगारेट या दोन वेगळ्या घटना आहेत. आपण दोन्हीला एकच नाव देतो, म्हणून भांडण मिटत नाही.

औषधाची बाजू थोडक्यात सांगतो. 'शार्ङ्गधरसंहिते'त भांग आहे, आयुर्वेदात तिला विजया म्हणतात, आणि औषधांच्या नियमांत आजही ती विषारी द्रव्यांच्या यादीत, वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची म्हणून नोंदलेली आहे. कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरनं १८३९ च्या सुमारास धनुर्वात आणि लहान बाळाच्या आकडीवर गांजाचा अर्क वापरून पाहिला. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात तारायंत्र आणणारा. बाळाच्या आकडीवर त्याला गुण दिसला होता. २०१८ साली अमेरिकेत मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर याच झाडातल्या सीबीडी या द्रव्याचं औषध मंजूर झालं. सीबीडीनं नशा येत नाही. केमोथेरपीची मळमळ, काही दुखण्यांतल्या वेदना यांवर उपयोग आहे. कॅन्सर बरा होतो याला आधार नाही. घरात रोगी असेल तर त्या व्हिडिओच्या नादानं उपचार थांबवू नका, हात जोडून सांगतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाला बंदीच्या द्रव्यांत टाकलं गेलं. भारतासारख्या देशांत भांग होळीला, महाशिवरात्रीला चालते, ती एकदम गुन्हा कशी करणार? म्हणून तडजोड झाली. करारातल्या व्याख्येत शेंडे धरले, नुसती पानं आणि बिया वगळल्या. शिवाय औषधाबाहेरचं सेवन बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली. तीच व्याख्या आपल्या संसदेनं १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात घेतली, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून गांजा देशभर गुन्हा झाला. तर बाबा, पान आणि शेंडा यांच्यातली रेघ ही वाटाघाटीची रेघ आहे. आणि तरीही "भांग चालते" हे आपल्याकडे खरं नाही! उज्जैनला, बनारसला भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही मादक द्रव्य म्हणून येते. परवान्याशिवाय ती बाळगणं इथे गुन्हा आहे. होळीला ठंडाई घोटणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

शिक्षा काय आहेत? एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २० किलोपासून पुढे दहा ते वीस वर्षं, आणि जामीन मिळणं महाकठीण. झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत. तुरीच्या ओळीत कोणाच्या सांगण्यावरून चार रोपं टाकणाऱ्या शेतकऱ्यानं हा आकडा पाठ करावा, कारण बी आणून देणारा पकडला जात नाही, सातबारा ज्याच्या नावावर तो पकडला जातो.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं कलेक्टरकडे गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, मग हे तरी लावू द्या, असा अर्ज. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. असेलही. पण त्या अर्जात गांजापेक्षा सोयाबीन, तूर आणि उसाबद्दल जास्त होतं, असं मी समजतो. धाग्यासाठी आणि बियांसाठी भांगेची शेती कायद्यात बसते, सरकारनं तशी परवानगी दिली तर. उत्तराखंडनं २०१८ पासून ती वाट उघडली, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलं पाहिजे या अटीवर. तसं बियाणं मिळवणं हीच मोठी अडचण ठरली. कॅनडात ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा पूर्ण खुला झाला, कंपन्यांनी अमाप पिकवला, भाव पडले, माल नष्ट करावा लागला. तुरीला निदान हमीभाव जाहीर तरी होतो.

जग सध्या प्रयोगच करत आहे. उरुग्वेनं २०१३ साली कायदा केला. थायलंडनं २०२२ मध्ये बंधन काढलं आणि तीन वर्षांत पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. कॅनडात गांजा घातलेल्या गोळ्या-बिस्किटांनी लहान मुलं इस्पितळात येण्याचं प्रमाण वाढलं, पण बाळगल्याबद्दलचे खटले खाली आले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला अतिघातक द्रव्यांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, भारतानं बाजूनं मत दिलं. इथला कायदा मात्र होता तिथेच आहे.

माझं मत विचाराल तर सांगतो, पटलं पाहिजे असं नाही. दुकानं उघडायला माझा विरोध आहे. दारूचं दुकान गावात आल्यावर काय होतं हे विदर्भातल्या बायांनी मोर्चे काढून सांगितलंय, ते पुरेसं आहे. पण ओढणाऱ्या पोराला तुरुंगात घालायलाही माझा तितकाच विरोध आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक निघाले. त्यांतले मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. इतक्या माणसांना कुठल्या जेलात ठेवणार? त्या ७२ लाखांना डॉक्टर लागतो, आणि पोलिसाच्या भीतीनं घरचे लोक त्यांना डॉक्टरपर्यंत नेत नाहीत. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. हे कलम किती वकिलांना आठवतं, किती आईबापांना माहीत आहे?

आणि हो, त्या वहीबद्दल एक राहिलं. आजही पोरगं बिघडलं, बडबडायला लागलं, की घरचे म्हणतात गांज्यानं झालं, आणि दुसऱ्या घरचे म्हणतात कोणी करणी केली. दोन्ही वेळा रकाना भरून मोकळे. किती दिवस झाले, आधी काय झालं, झोप कधीपासून उडाली, घरात कोणाला असं होतं का, हे एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जा. वाशीमला, अकोल्याला जिल्हा रुग्णालयात विचारा. निदान करायला त्यांना हेच लागतं.

आता प्रश्न घेऊ. हात वर करायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठ्या पाठवा. चिठ्ठीवर नाव लिहू नका.